जुनं पोस्ट विकायला निघालंय, घेऊ का?

सदर : घरदार

या वेळचं पत्र खानापूर तालुक्यातून बेळगावात आलेल्या एका बाईंचं आहे. सौदा अजून व्हायचा आहे, म्हणून गावाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. पत्र लांब होतं, त्यातला कामाचा भाग देतो.

"मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. टिळकवाडीत राहते, माहेर खानापूर तालुक्यातलं. माहेरच्या गावात पेठेच्या तोंडाशी जुनं पोस्ट ऑफिस आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे पडवी, आत जाळीचं लाकडी काउंटर. मागे पोस्टमास्तरांचं बिऱ्हाड असायचं, त्यामागे परडं आणि विहीर. पोस्ट चार वर्षांपूर्वी बसस्टँडजवळ नव्या जागेत गेलं. मालक घराण्यातले चार भाऊ आता ते विकायला निघालेत. एक भाऊ दुबईला असतो. एजंट म्हणतो, ब्रिटिश काळातली हेरिटेज बिल्डिंग आहे, ३८ लाखांच्या खाली नाही, मुंबईची पार्टी बघून गेलीय. या आठवड्यात दोन लाख संचकार (इसार) द्या म्हणून मागे लागलाय. मागच्या खोल्यांत पूर्वीच्या पोस्टातल्या शिपायाचं कुटुंब राहतं. ते जातील म्हणे. माझ्याकडे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ३० लाख आहेत, बाकीच्यासाठी दागिने आहेत. मला तिथं वाचनालय काढायचंय. मुलगा पुण्याला असतो, तो होमस्टे कर म्हणतो. यजमान म्हणतात, म्हातारपणी पैसे मातीत घालू नको. धाकटे दीर म्हणतात, उद्या सीमाप्रश्न सुटला तर या कागदांचं काय होणार? मला तर रात्री झोप नाही. काय करू तेवढं सांगा. — एक माहेरवाशीण"

ताई,

या आठवड्यात दोन लाख देऊ नका. पुढच्याही देऊ नका. ज्या घराचा पुढचा भाग चार वर्षं रिकामा पडून आहे ते सोमवारपर्यंत विकलं जाणार असेल तर विकलं जाऊ दे. मुंबईची पार्टी प्रत्येक जुन्या घराला येऊन गेलेली असते. ती खरंच असेल तर तिचाही वकील हेच प्रश्न विचारील जे मी खाली विचारतोय, आणि त्यात तिचेही दोन-तीन महिने जातील. शिवाय संचकाराची रक्कम रोख मागत असतील तर साफ नाही म्हणा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत घेणं कायद्याला चालत नाही. चेकनं किंवा खात्यावर, आणि तेही लेखी करारावर.

आता हेरिटेजचं. जुनं घर आणि हेरिटेज घर यांत सरकारी कागदाचा फरक असतो. कुठल्याही यादीत नाव नसलेली इमारत कितीही देखणी असली तरी कायद्याच्या लेखी ते एक जुनं घर. एजंटाला विचारा, कुठल्या खात्याची यादी, कुठला आदेश? बहुतेक तो विषय बदलील. बदलला तर बरंच आहे तुमच्या दृष्टीनं, कारण खरोखरच यादीतलं घर असतं तर खिडकी बदलायलाही परवानगी लागली असती. एवढं मात्र बघून घ्या : आपल्या तालुक्यात हलशीसारखी प्राचीन देवळांची गावं आहेत, आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. घर अशा कुठल्या स्मारकाजवळ असेल तर आधी पंचायतीत विचारा.

कौलांवरची मोहोर दाखवून "बघा, ब्रिटिश काळातलं" असं कुणी म्हणालं तर त्यालाही फार भुलू नका. मंगळुरात बासेल मिशननं कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि तिथून ती कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली, हे खरं. पण कौलं फुटतात, बदलतात, पडलेल्या दुसऱ्या घरावरून उतरवून आणून चढवतात. कौलाचं वय ते घराचं वय नव्हे.

आता मुद्द्याचं बोलतो. सगळेजण त्या घराच्या काउंटरकडे, जाळीकडे, पडवीकडे बघतायत. मला विचाराल तर ते घर पोस्ट होतं याचा तुम्हाला खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे भाड्याच्या कागदात.

आपल्याकडची बहुतेक उपडाकघरं खात्याच्या स्वतःच्या इमारतीत नव्हती आणि आजही नाहीत. गावातल्या एखाद्या सावकाराचं, व्यापाऱ्याचं नाहीतर इनामदाराचं पेठेतलं घर खातं भाड्यानं घ्यायचं, पुढे कचेरी, मागे मास्तरांचं बिऱ्हाड. तुमच्या वर्णनावरून हे तसंच दिसतंय. म्हणजे कित्येक वर्षं केंद्र सरकार दर महिन्याला कुणाला तरी भाडं देत होतं. आणि सरकार भाडं देतं तेव्हा कुणाच्या तरी नावानं देतं, करार करून देतं, आणि मालक मेला तर वारसाचे कागद मागितल्याशिवाय पुढचं भाडं सोडत नाही. हे कागद असेच एका जागी जमत गेलेले असतात. साध्या राहत्या घराच्या व्यवहारात तुम्हाला वंशावळ खणून काढावी लागते. इथं ती खात्यानं आपल्या गरजेपोटी आधीच खणून ठेवलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

तर भावांना सांगा, पोस्टाबरोबरचे भाडेकरार दाखवा. सगळे, निदान शेवटचे दोन-तीन. खात्याच्या भाडेकरारात भाडेकरू म्हणून 'भारताचे राष्ट्रपती' असं लिहिलेलं असतं आणि त्यांच्या वतीनं डाक अधीक्षकांची सही असते. मला त्यातली समोरची बाजू हवीय : मालक म्हणून कुणाकुणाची नावं आणि सह्या आहेत? एकाच भावाची? आजोबांची? की एखाद्या चुलत घराण्याचंही नाव आहे? शेवटची चार-पाच वर्षं भाडं कुणाच्या खात्यावर जमा होत होतं? चार भाऊ विकायला बसलेत आणि भाडं मात्र पाचव्याच्या खात्यावर जात होतं असं निघालं, तर तुमचे ३८ लाख तिथल्या तिथे वाचले. भाडं घेणारा तोच मालक असं कायदा म्हणत नाही. मालकी ठरते ती खरेदीपत्रानं, वाटणीपत्रानं, वारशानं. पण नेमका कुठे संशय घ्यायचा ते भाड्याचा कागद दाखवतो, आणि विकणाऱ्यानं तो दाखवायला टाळाटाळ केली तर तेच तुमचं उत्तर.

ते देत नसतील तर बेळगावच्या डाक अधीक्षकांच्या कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. (आणि ती दहा रुपयांची फी पोस्टल ऑर्डरनं भरता येते. पोस्टाबद्दल पोस्टालाच विचारायचं, तेही पोस्टाच्याच कागदानं.) अर्जात नेमकं विचारा : ही इमारत खात्याच्या मालकीची होती की भाड्याची, भाडेकराराच्या प्रती, खातं जागा सोडून गेलं ती तारीख आणि ताबा परत दिल्याची पावती. शेवटची गोष्ट विसरू नका. पोस्ट नव्या जागेत गेलं म्हणजे जुन्या जागेचा ताबा कागदोपत्री परत आला असं होत नाही. कधी कधी आत लोखंडी तिजोरी असते, जुन्या फायली असतात, आणि खात्याच्या लेखी जागा अजून त्यांच्याचकडे असते.

आणि समजा उत्तर आलं की इमारत खात्याचीच होती, तर विषय संपला. केंद्र सरकारची मालमत्ता गावातला एजंट ३८ लाखांत विकत नाही. ती लिलावानं जाते, जाहीर सूचना देऊन.

आता बहिणींचं. तुम्ही लिहिलंय, चार भाऊ. आणि बहिणी किती? स्वतःला माहेरवाशीण म्हणवता आणि त्या घरच्या माहेरवाशिणींची गोष्टच पत्रात नाही! वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. पण "आमच्यात बहिणी कधी हिस्सा मागत नाहीत" हे वाक्य कागद नव्हे. प्रत्येक बहिणीची खरेदीपत्रावर सही, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोड. बहीण वारली असेल तर तिच्या मुलांची सही. ती कुडाळला असो, सावंतवाडीला असो की फोंड्याला. सब-रजिस्ट्रारसमोर चार भाऊ उभे राहिले तर दस्त नोंदवलाही जाईल, कारण नोंदणी करणारा अधिकारी मालकीचा निवाडा करत बसत नाही. भांडण नंतर येतं आणि ते तुमच्या दारात येतं.

दुबईच्या भावानं स्वतः यावं हे सगळ्यात उत्तम. येणार नसेल तर त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून वटमुखत्यारपत्र पाठवावं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालणार नाही. आणखी एक : तो आयकराच्या दृष्टीनं अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याच्या रकमेतून तुम्हाला आधी कर कापून भरावा लागतो, रक्कम पन्नास लाखांच्या आत असली तरी. हे एजंट सांगणार नाही. सीएला विचारून मगच त्याच्या वाट्याचा चेक लिहा.

घर पंचायत हद्दीत आहे, म्हणजे ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या संगणकीय मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि ११अ लागेल. त्याशिवाय नोंदणीच व्हायची नाही. बोजा तपासायला ईसी, म्हणजे बोजाचा दाखला काढा. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर २००४ पासूनचा मिळतो. त्याआधीचा शोध खानापूरच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत जाऊन घ्यावा लागेल. मी तुमच्या जागी असतो तर निदान तीस वर्षं मागं गेलो असतो. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, त्यामुळे पोस्टाचा एखादा करार तिथंही सापडेल. जुना मूळ दस्त निघाला तर तो मराठीत असेल, कदाचित मोडीत, कारण १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. मोडी वाचणारा माणूस बेळगावात शोधला तर सापडतो. अलीकडचे उतारे कन्नडमध्ये. तुम्हाला शाळेमुळे कन्नड येत असेलच, तरी उताऱ्यातली चतुःसीमा वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या आणि ती हातात धरून जागेवर फिरा. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, रस्ता कुणाचा.

आणि परडं! तुमच्या पत्रात एका शब्दात येऊन गेलंय, पण मला सगळ्यात जास्त तेच खुपतंय. असल्या घरांत घर गावठाणात आणि मागचं परडं रि. स. नंबरात, म्हणजे शेतजमिनीच्या उताऱ्यावर, असं पुष्कळदा असतं. विहीर त्याच बाजूला. पंचायतीच्या नमुन्यात फक्त घर येतं. तुम्ही विहिरीसकट पैसे मोजता आणि खरेदी होते पडवीपासून मोरीपर्यंतची. ते परडं एनए (बिगरशेती) झालेलं आहे का, त्याची पहाणी, म्हणजे शेताचा उतारा, कुणाच्या नावावर आहे, हे सर्व्हेयरकडून मोजून घेतल्याशिवाय किंमत बोलूच नका.

मागच्या खोल्यांतल्या कुटुंबाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. "ते जातील" हे कोण म्हणतंय? ते स्वतः म्हणालेत का? शिपायाची नोकरी संपली, पोस्ट गेलं, तरी ते तिथं आहेत, याचा अर्थ त्यांना दुसरीकडे जागा नाही, किंवा आपला काही हक्क आहे असं त्यांना वाटतं, किंवा दोन्ही. मालकांनी त्यांच्याशी बसून लेखी ठरवावं, काही द्यायचं असेल तर मालकांनी आपल्या पैशातून द्यावं, आणि खरेदीपत्राच्या दिवशी खोल्या रिकाम्या असाव्यात. ताबा नंतर, पैसे आधी, असं करू नका. आणि एवढं करा : एकदा एजंटाशिवाय जाऊन त्यांच्याकडे चहा घ्या. त्या घराला कुठे गळतं, विहीर मे महिन्यात टिकते का, भाडं न्यायला कोण यायचं, हे त्या घरातल्या बाईला जेवढं ठाऊक असेल तेवढं चारही भावांना मिळून ठाऊक नसणार. त्यांना बाहेर काढून वाचनालय उघडणं तुम्हालाच बरं वाटणार नाही, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून कळतं.

इमारतीविषयी मला आनंदानं लिहिता येतं, म्हणून आवरतं घेतो. एक पावसाळा घर बघा. खानापूर तालुक्यातला जुलै हाच खरा इंजिनिअर. एप्रिलमध्ये सगळीच कौलारू घरं सुंदर दिसतात. संततधार लागली की सकाळी जा आणि आतून भिंतीच्या माथ्याकडे बघा, जिथं वासे भिंतीवर टेकतात तिथं. लाकूड कुजतं ते तिथं. मधला वासा ठणठणीत दिसतो आणि टोक बोटानं खरवडलं तर भुसा पडतो. आढं वाकलंय का ते रस्त्याच्या पलीकडून, लांबून बघा. वाळवीची मातीची नळी काउंटरच्या मागं, दाराच्या चौकटीत, कपाटांच्या पाठीशी शोधा; पोस्टात कागद भरपूर, वाळवीला पंगतच. चार वर्षं बंद असलेल्या पुढच्या भागात ती काय करून बसली असेल ते लाकडाला टोचा मारल्याशिवाय कळायचं नाही.

जांभ्याच्या भिंती खालून हातभर ओल्या असतील तर घाबरू नका, पण कुणी "सिमेंट प्लॅस्टर मारून टाकू, वर स्लॅब घालू" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. जांभा पाणी ओढतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते आणि वर चढते. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा, थोडा वेळ लागेल. आणि मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब तर मुळीच नको. कौलं उतरवायची, कुजलेले वासे आणि रिपा बदलायच्या, चांगली कौलं धुऊन परत चढवायची, पन्हळी नीट करायच्या. खर्चाचा नेमका आकडा बघितल्याशिवाय सांगणं चुकीचं, पण तुम्ही वर्णन केलंय तेवढ्या घराला संडास-बाथरूम आणि नवं वायरिंग धरून नऊ-दहा लाख बाजूला ठेवल्याशिवाय मी तरी हात घातला नसता. हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर पोस्टमास्तरांच्या नावावर असेल आणि त्याची बाकी राहिली असेल, तेही बघा.

भिंतीत लाल टपालपेटी राहिली असेल, किंवा कपाटात जुने शिक्के, तराजू सापडले, तर ते घराबरोबर विकत मिळत नाहीत. ते खात्याचं. शिक्के तर नेऊन देऊनच टाका, घरात ठेवू नका. पेटी भिंतीत राहू द्यावी असं वाटत असेल तर अधीक्षकांना पत्र लिहून विचारा.

आता पैसा. ३८ लाख किंमत. त्यावर मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावरचे उपकर-अधिभार धरून ग्रामीण भागात ५.६५; नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून एकाची दोन टक्के झालीय. एकूण ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ९० हजार. दुरुस्ती नऊ-दहा. वकील, मोजणी, किरकोळ. ताई, ते अडतीसचं म्हणतायत ते घर पन्नास लाखांचं आहे, आणि तुमच्याकडे तीस आहेत. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कौलारू घरावर बँक कर्ज देताना हात आखडणार. दागिने मोडून गळकं छत शाकारायचं, याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तुमच्या यजमानांचं वाक्य कडू आहे, पण हिशेब त्यांच्या बाजूनं आहे.

मग मार्ग काय? मुलाला होमस्टे हवाय ना, तर मुलाचे पैसे येऊ द्या आणि खरेदीपत्रावर त्याचंही नाव, हिस्सा लिहून. भीमगडला, हलशीला येणारे लोक वाढतायत, त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण होमस्टे म्हणजे घरमालक तिथं राहतो आणि पाहुण्यांना जेवू घालतो. पुण्यात बसून ते होत नाही. भाकऱ्या कोण थापणार हे त्याला फोनवर विचारा. उत्तर "आई" असं असेल तर विषय मिटवा.

दिरांना सांगा, सीमाप्रश्नाची काळजी या कागदांपुरती करू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका सोडून बाकी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा एकाच्याही घराची मालकी बदलली नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल कधीही आणि कसाही लागो, उतारा देणारी कचेरी बदलेल, उताऱ्यावरचं नाव नाही. आपल्या भागातली कितीतरी चांगली घरं "बघू, आधी निकाल लागू दे" म्हणत पडून गेली. फक्त कागद आज ज्या राज्याच्या नियमानं व्हायचे त्या नियमानं पक्के करा. पुढे पाटी लावायची वेळ आली तर दुकान-व्यवसायाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, हेही आत्ताच लक्षात असू दे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी झकास बसतं.

सगळं जमून आलं, म्हणजे बहिणींच्या सह्या, परड्याचा उतारा, मागच्या कुटुंबाचं लेखी, पोस्टाची ताबा पावती, तर किंमत किती बोलायची? तुम्ही एकट्या घेणार असाल तर अठरा लाखांच्या वर जाऊ नका, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवून मगच सही करा. अठरा ऐकून एजंट हसेल. हसू द्या. हेरिटेजच्या नावानं ते जे मागतायत ती किंमत मातीची नाही आणि लाकडाचीही नाही, ती तुमच्या आठवणींची आहे. मुंबईला मिलमध्ये असलेल्या माणसाची नाहीतर मराठा लाइट इन्फंट्रीतल्या जवानाची मनीऑर्डर आमच्या भागात याच असल्या जाळीतून घरोघर गेली, त्यामुळे तो काउंटर बघून आपल्या सगळ्यांच्या घशाशी काहीतरी येतं. एजंटाला ते ठाऊक आहे.

व्यवहार जमला नाही तर? वाचनालयाला ते घरच पाहिजे असं नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे, ते तिथं रोज कुलूप उघडणारा माणूस मिळत गेला म्हणून. तुमच्या गावाच्या ग्रामपंचायतीचं 'अरिवु केंद्र', म्हणजे पंचायतीचं वाचनालय असेल, तिथं एखाद्या दुपारी जा. पुस्तकं काय आहेत, मुलं किती येतात, मराठी पुस्तकांचं एक कपाट ठेवलं तर चालेल का, आठवड्यातून दोन दिवस तुम्ही येऊन बसलात तर चालेल का, विचारा. खानापूरची बस आहेच, आणि या कामाला फंडातलं काही मोडावं लागत नाही. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवस लागतील, तेवढ्यात हे होऊन जाईल.